सात नंबरच्या बाईचे दागिने

दिग्रसच्या पेठेतल्या पाट्यांवर त्या काळी बऱ्याच बाया हसत होत्या. कापड दुकानावर लुगडेवाली, तेलाच्या डब्यावर लांब केसांची, सोनाराच्या दारावर नथवाली. त्या सगळ्या गफ्फार पेंटरनं काढलेल्या होत्या आणि त्यांतल्या एकीकडेही त्यानं मान वर करून पाहिलेलं नव्हतं. पाहण्याचं काम त्याच्या बायकोचं होतं. रहमतबी पाहायची, गफ्फार काढायचा.

याचं कारण एक कच्चा पेरू. लग्नाआधी गफ्फार हनुवटीचा नमुना घ्यायला बाजारात एका पेरू विकणारीसमोर उभा राहिला, आणि इतका वेळ उभा राहिला की तिच्या भावानं टोपलीतलाच एक पेरू उचलून त्याच्या कपाळावर मारला. टेंगूळ उतरलं, पण तेव्हापासून परक्या बाईकडे पाहायचं म्हटलं की त्याचा हात आपोआप कपाळाकडे जायचा. धंदा तर असा की बाईच्या तोंडाशिवाय पाटी विकत नाही. पुढे दारव्ह्याच्या रंगाऱ्याची मुलगी रहमतबी लग्न होऊन आली आणि त्याची ही अडचण तिनं पहिल्याच महिन्यात मिटवली.

रहमतबीला बुरख्याचा एक फायदा फार लवकर कळला होता. जाळीतून कितीही रोखून पाहिलं तरी समोरच्याला पत्ता लागत नाही. मेथीच्या जुडीचा भाव करता करता ती भाजीवालीच्या भुवया पाठ करून घरी यायची. मग चुलीपाशी बसून सांगायची आणि गफ्फार मांडीवर पाटी घेऊन काढायचा. नवराबायको एरवी घरात उर्दूत बोलत. पण चित्राचं बोलणं निघालं की वऱ्हाडी सुरू व्हायची, कारण रहमतबीच्या उपमा सगळ्या बाजारातल्या आणि बाजार भरायचा वऱ्हाडीत.

"नाक सांग."

"वांग्याच्या देठासारखं. वरून बारीक, खाली बसकं."

"हनुवटी?"

"जवारीच्या भाकरीची कड निघते ना, तशी."

"डोये?"

"रात्री लावलेलं दही सकाळी बिघडलेलं पाह्यलं, तसे."

"हे डोये झाले का?"

"काढून तं पाहा, जहीरचे अब्बा. होते का नाही होत, मंग बोला."

आणि व्हायचे. सासू जैनबबीला घरात माणसांची तोंडं असलेली चित्रं पसंत नव्हती. नमाजाची वेळ झाली की ती उठून एकेक चित्र पालथं घालायची. पण पालथं घालण्याआधी एक नजर टाकून "कान खाली गेले" एवढं सांगून ठेवायची.

तर अशा या घरात बिडीची चित्रं आली ती वामनरावांमुळे. वामनरावांचा तितर छाप बिडीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची लांब खोली आणि गावभरच्या ओट्यांवर सुपं घेऊन बिड्या वळत बसलेल्या बाया. अठ्ठावन्न साली ते नागपूरला मेव्हण्याकडे गेले. तिथं मेव्हण्याच्या वडिलांनी जुन्या विलायती सिगारेटच्या पाकिटांत निघालेली रंगीत कार्डं वहीत डकवून ठेवलेली त्यांनी पाहिली. घोडे, जहाजं, नट्या. परतल्यावर थेट गफ्फारच्या ओट्यावर आले.

"साहेब लोकाईच्या सिगारेटीतून चित्र निघत होतं. माझ्या बिडीतून काहून निघू नये?"

पंचवीस बिड्यांचा कट्टा, त्याच्यावर कागद, कागदाखाली एक कार्ड. काडीपेटीहून बोटभर मोठं. गफ्फारनं मूळ चित्रं रंगवायची, ती अकोल्याच्या छापखान्यात दगडावर उतरवून छापून यायची. पहिला संच पाखरांचा निघाला: तितर, नीळकंठ, हुदहुद, सुगरण. पूर्ण संच जमवणाऱ्याला बॅटरी. बॅटऱ्या फार कोणाला मिळाल्या नाहीत, पण चित्रं मात्र दारांच्या चौकटींवर, आरशांच्या कोपऱ्यांत, ट्रंकांच्या झाकणांच्या आतून चिकटली. बिडीचा वास येतो म्हणून नवऱ्याला ओसरीत झोपवणाऱ्या बाया संध्याकाळी विचारू लागल्या, "आज कट्टा नाही का आणला?"

दुसरा संच वामनरावांनी ठरवला तो 'आपली माणसं'. कापूस वेचणारी, जिनिंगातला कामगार, डफडेवाला, गावचा पोस्टमन. आणि एक तांड्यावरची बाई हवीच, कारण तितर छापचं निम्मं गिऱ्हाईक आजूबाजूच्या तांड्यांवर होतं.

"ती माह्याजवळ हाय," रहमतबी म्हणाली.

ती म्हणजे लालीबाई. रूपसिंग नाईकाच्या तांड्यावरून बाजाराच्या दिवशी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन यायची. पहिल्या वर्षी दोघी मोळीच्या भावावरून भांडल्या. दुसऱ्या वर्षी भांडण झाल्यावर चहा पिऊ लागल्या. पुढे चहा आधी व्हायचा आणि भांडण वेळ उरला तर. लालीबाई बशीत फुंकर मारायची तेव्हा तिचे गाल आत जायचे, उजव्या गालावरचं गोंदण हलायचं आणि अंगावरचे आरसे ओट्याच्या छतावर कवडसे पाडायचे. ते पाहायला जैनबबीसुद्धा माजघरातून बाहेर यायची. म्हणायची मात्र, "हवा खायला आले."

"लालीबाई, तुह्यं तोंड बिडीत घालू का?" रहमतबीनं विचारलं.

"घाल ना. मले काय होते? फक्त इस्तो लावू नका म्हणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर चित्राला सुरुवात झाली. इतकी चांगली ओळख असलेलं तोंड सांगताना रहमतबीला उपमा शोधाव्याच लागल्या नाहीत. कपाळ झालं, गोंदण झालं, फुंकर मारल्यासारखे ओठ झाले. गफ्फारच्या पेन्सिलीनं आजवर असं तोंड काढलं नव्हतं.

"केसाले काही हाय का?"

"हाय. दोन्ही बाजूनं चांदीचं काही लोंबते. वाट्या, घुंगरं." रहमतबीनं चित्राकडे पाहिलं, मग कार्डाच्या मापाच्या कोऱ्या कागदाकडे. "पण ते नका काढू."

"हाय तं काढावं लागन."

"इवल्याशा कागदात गाल दिसन का मंग? गोंदण दिसन? पानठेल्यावरच्या कंदिलात सगळं भुरकट होईन. तुम्हीच तं सांगता, कमी रेषा, जाड रेषा."

ते गफ्फारच सांगायचा. कार्डावरचं चित्र तिथल्या तिथं ओळखू आलं पाहिजे, ओढणाऱ्याच्या डोळ्यांत धूर गेलेला असला तरी. मागं एकच पिवळा रंग, लाल एकाच जातीचा, दागिने होतील तितके कमी. कापूस वेचणारीचे कानातले त्यानं असेच उडवले होते आणि कुणी काही म्हटलं नव्हतं. त्यानं चांदी सोडून दिली. गाल मोकळे झाले आणि चित्र असं उठून दिसायला लागलं की जैनबबीनं नमाजाच्या वेळी ते सगळ्यांत शेवटी पालथं घातलं.

संचात त्याला सात नंबर मिळाला.

कार्डं छापून आली, कट्ट्यांत गेली, कट्टे दुकानांत. बाजाराच्या दिवशी रहमतबीनं चहाचं आधण दुपारपासूनच तयार ठेवलं. लालीबाई तोंड कसं करते ते तिला पाहायचं होतं.

लालीबाई आली. डोक्यावर मोळी नव्हती.

"ये वं, चाय ठेवते."

"चाय प्याले नाही आली."

"बस तरी."

"बसाले बी नाही आली." तिनं कमरेच्या पिशवीतून कार्ड काढलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. "हे कोन हाय?"

"तू."

"मी? मंग माहा मालक मेला का?"

रहमतबीला काही कळेना. ती कार्डाकडे पाही, लालीबाईकडे पाही.

"हे काय हाय?" लालीबाईनं गालांवर उतरलेल्या चांदीला हात लावला. "हे टोपली. हे घुगरी. लग्नात माह्या याडीनं, माह्या मायनं, केसात गुंफून देल्ली. हे नवरा मेल्यावरच उतरते. तूनं तं उतरून टाकली, त्याले न ताप आला न खोकला!"

आणि ती वळून चालायला लागली. रहमतबीनं हाक मारली. पायातले वाळे वाजत गेले ते गल्लीच्या टोकालाही थांबले नाहीत.

तांड्यावर काय झालं ते मग हळूहळू कळलं. लालीबाईचा नवरा रामलाल चार जणांत बसला होता. नवा कट्टा त्यानंच फोडला. चित्र ओळखायला कोणाला वेळ लागला नाही, गफ्फारचं काम तसंच होतं. पहिल्यांदा सगळे खूश झाले. मग एकानं गालाकडे बोट दाखवलं आणि हशा पिकला.

"रामल्या, तू मेला लेका! अन् आमाले सांगतलं बी नाही!"

"जेवन कवा हाय तुह्यं?"

"मेला तरी बिडी ओढते पाय कसा!"

रामलालही हसला. पण घरी गेल्यावर त्याच्या आईनं त्याच्यावरून मीठ-मिरच्या उतरवल्या, आणि दोन दिवस त्याला शेतात एकट्याला जाऊ दिलं नाही. विहिरीवर लालीबाईला बाया विचारायच्या, "कवा उतरवली वं?" थट्टाच होती. पण लालीबाई रोज ती थट्टा घागरीत भरून घरी आणत होती, आणि ज्या बाईच्या हातचा चहा प्यायली तिनंच हे केलं हे तिला खाली ठेवता येत नव्हतं.

रहमतबी त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता थांबली आणि पिठाच्या हातानंच गळ्यातली काळी पोत चाचपत राहिली. निकाहात सासूनं घातलेली. आंघोळीलाही न काढलेली.

"माझी पोत चित्रातून कोणी काढली असती तर?" तिनं विचारलं.

चुलीवरची भाकरी करपली, ती गफ्फारनंच उलटली.

दोन दिवसांनी वामनराव आले. रूपसिंग नाईक त्यांच्याकडे येऊन गेले होते. आवाज न चढवता एवढंच म्हणाले होते की तांडा बिडी ओढेल, पण तितर ओढणार नाही.

"मी ते कार्डच बंद करतो," वामनराव ओट्यावर बसता बसता म्हणाले. "कारखान्यात आहेत ती चुलीत टाकतो. बाराऐवजी अकराचा संच. विषय संपला."

"नाही संपत," पडद्याआडून आवाज आला.

वामनराव दचकले. या घराशी त्यांचा दहा वर्षांचा व्यवहार, पण पडद्याला आवाज असतो हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"मालक, तुमच्याजवळची तुम्ही जाळान. पण ज्या घराघरात चिकटल्या त्याईचं काय? तिथं तं ती रांडवच राहीन. जलमभर."

"मग काय करावं म्हणता?"

"तिले दागिने घालून देऊ."

"कोणाला?"

"तिलेच. जेवढ्या हायेत तेवढ्या साऱ्याईले."

वामनराव गफ्फारकडे पाहू लागले. गफ्फारचा हात कपाळाकडे गेला होता. मग वामनराव हसायला लागले. हसता हसता त्यांनी पानाचा डबा बंद केला आणि म्हणाले, "चांदी कुठून आणाल?"

चांदी पानठेल्यांवर पडली होती. कचेरीतले बाबू आणि वकील सिगारेट ओढत आणि पाकिटातला चंदेरी कागद तिथंच टाकून देत. पानठेलेवाल्यांना सांगितल्याबरोबर दोन दिवसांत करंडी भरली. बिडीच्या चित्राला सिगारेटची चांदी, असं म्हणत वामनराव स्वतः ती करंडी घेऊन आले. कारखान्यातली लेबलं चिकटवायची खळही त्यांनीच दिली. आणि बाजाराच्या दिवशी दवंडी पिटवली.

"ऐका हो ऐका! तितर छाप बिडीतल्या सात नंबरच्या बाईचे दागिने घरी राह्यले होते! ज्याच्याजवळ ती बाई असन, त्यानं तिले गफ्फार पेंटरच्या ओट्यावर घेऊन यावं! दागिने घालून वापस भेटन हो!"

बिडी न ओढणाऱ्या माणसांची ही दवंडी ऐकून फार पंचाईत झाली. एक म्हातारे गृहस्थ तर पोलीस ठाण्यावर चौकशी करून आले म्हणतात.

पण खरी पंचाईत ओट्यावरच होती. रहमतबीनं पहिली टोपली आणि घुगरी कापून कार्डावर चिकटवली आणि सासूपुढं धरली.

जैनबबीनं डोळे बारीक केले. "हे दागिने आहेत का चमचे?"

रहमतबीनं पुन्हा कापलं. या वेळी भोवरे झाले. दरवर्षी, दर आठवड्याला जे समोर हललं होतं, त्याचा आकार तिला आठवत नव्हता. गाल पाहताना तिनं ती चांदी नजरेनं बाजूला सारलेली होती, जसा आपण दार पाहताना पडदा सारतो. कात्री खाली ठेवून ती म्हणाली, "अम्मा, छकडा सांगा. तांड्यावर जायचं."

"तुझ्याबरोबर कोण येणार?"

"तुम्ही."

"मी कशाला?" असं म्हणत जैनबबी बुरखा घालायला उठली.

लालीबाई अंगणात भांडी घासत होती. छकड्यातून दोन बुरखे उतरलेले तिनं पाहिले आणि राखेचा हात जरा जोरात चालवायला लागली. बाया गोळा झाल्या. रामलाल खाटेवरून उठला, काय करावं न कळून परत बसला. रहमतबीनं तोंडावरची जाळी वर टाकली आणि लालीबाईसमोर जमिनीवर बैठक मारली.

"अजून पाहाचं राह्यलं का?" लालीबाई तव्याकडे पाहत म्हणाली. "तुले तं सारं पाहता येते."

"पाहता येते. इचारता नाही आलं. आता इचाराले आली."

लालीबाई घासत राहिली. तवा आरशासारखा व्हायची वेळ आली.

"लालीबाई, हे पाय." रहमतबीनं गळ्यातली पोत बाहेर काढली. "हे कोणी चित्रातून काढली असती ना, तं म्या त्याच्या अंगावर चुलीतलं जळतं लाकूड फेकलं असतं. तू नुसतं कार्ड ठेवून गेली."

लालीबाईचा हात थांबला. ओठ फुंकर मारल्यासारखे झाले, चित्रातल्यासारखेच.

"लाकूड मी इकते," ती म्हणाली. "फेकून नुसकान कायले करू?"

आधी रामलालची आई हसली, मग सगळं अंगण. जैनबबीला विनोद नीट ऐकू आला नव्हता, पण ती सगळ्यांत जास्त वेळ हसत होती.

"दाव मंग," रहमतबी म्हणाली. "टोपली काढून हातात दे, मी माप घेते."

"आता पाय हिले!" लालीबाईनं कपाळाला राखेचा हात लावला. "काढून दे म्हणते! इतकं सांगतलं तरी! काढत नसते वं. इथंच पाय."

तिनं डोकं पुढं केलं. रहमतबीही वाकली. दोघींची डोकी एकमेकींना टेकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा रहमतबीनं एखादी गोष्ट डोळ्यांनी नाही, बोटांनी पाहिली. छोटी उपडी वाटी, तिच्यावर दाण्यांची नक्षी, वाटीच्या कडेला लोंबणारी साखळी, साखळीच्या टोकाला घुंगरं. डावीकडचं एक घुंगरू तुटलेलं होतं.

"हे कवा तुटलं?"

"पोट्टं पाजताना वढलं त्यानं. फुलसिंगनं. आता तेच पोट्टं बैल हाकते." लालीबाई खालच्या मानेनंच बोलत होती. "माह्या याडीची हाय. तिच्या याडीनं तिले देल्ली. त्या घरी मी शेवटची पोरगी."

चहा तांड्यावरच झाला. गूळ घातलेला, पितळेच्या वाट्यांत. जैनबबीनं दोनदा घेतला.

पुढच्या बाजाराच्या दिवसापासून गफ्फारच्या ओट्यावर लालीबाई कात्री घेऊन बसली. "तुह्यानं नाही जमत, आण इकडं," हे वाक्य तिनं पहिल्या पाच मिनिटांत उच्चारलं होतं. शेजारच्या बिडी वळणाऱ्या बायाही आपापल्या पानकापू कात्र्या घेऊन आल्या. लालीबाई आकार कापायची, रहमतबी खळ लावून चिकटवायची, जैनबबी दाबायची. गफ्फार आतल्या खोलीत एकटा बसून किराणा दुकानाची पाटी रंगवत होता, कारण ओट्यावर एवढ्या परक्या बाया असल्यावर त्याला तिकडून ये-जाच करता येत नव्हती. दुपारची भाकरी त्याला खिडकीतून द्यावी लागायची.

लोक कार्डं घेऊन येत होते. आर्णीहून, पुसदहून बसनं येणाऱ्यांनी सोबत गावभरची कार्डं आणली. काही भिंतीवरून खरवडून काढलेली, पाठीला चुना लागलेला. काही तंबाखूनं पिवळी. एकानं तर ट्रंकेचं झाकणच उखडून डोक्यावर आणलं होतं. चांदी लागली की कार्ड उन्हात धरून लालीबाई एक डोळा मिटून पाहायची आणि मालकाला द्यायची. "घे. नांदव आता नीट."

एक दिवस तांड्यावरची म्हातारी रुक्माबाई आली. केस मोकळे, गाल मोकळे. तिनं पदराच्या गाठीतून कार्ड सोडलं. रहमतबीनं हात पुढं केला, तशी तिनं ते मागं घेतलं.

"मले चांदी नाही पायजे. इतकंच पुसाले आली का जबरदस्ती हाय का?"

"जबरदस्ती कायची? पण काहून वं आजी?"

"हे माह्यासारखी हाय," रुक्माबाई म्हणाली. "आमाले कोन टाकते बिडीत? चुकून आली तं राहू द्या."

लालीबाईनं रुक्माबाईकडे पाहिलं, मग ते कार्ड हातात घेतलं, त्याच्या वाकलेल्या कडा अंगठ्यानं सरळ केल्या आणि परत दिलं. "राहू दे याडी. चांगली दिसते." म्हातारी बसून चहा प्यायली आणि जाताना तिनं सांगितलं की कापणाऱ्या सगळ्या पोरी आळशी आहेत.

चांदीवाल्या सात नंबरची मग अशी हवा झाली की वामनरावांना कारखान्यातली उरलेली कार्डं जाळण्याऐवजी पोत्यानं ओट्यावर पाठवावी लागली. लोक कट्टा दुकानातच फोडून पाहू लागले. कापूस वेचणारीचे कानातले कुठं आहेत, पोस्टमनच्या टोपीचा बिल्ला कुठं आहे, अशी विचारणा सुरू झाली. एका नवरीच्या आंदणात आरशाला चांदीवाली लालीबाई चिकटवून दिल्याचं आम्ही स्वतः पाहिलं. रूपसिंग नाईकांनी तितरचा कट्टा पुन्हा घेतला, आणि तांड्यानं घेतला.

सगळं मिटलं असं रहमतबीला वाटत होतं तेव्हा लालीबाईनं मोळी ओट्यावर टाकून सांगितलं, "आता त्याले टाक बिडीत."

"कोणाले?"

"माह्या मालकाले. अजूनही पोट्टे त्याले पाहून म्हणतात, मेला का जिता? एक डाव छापून येऊ द्या. जिता हाय म्हणून."

वामनरावांचा तिसरा संच निघणारच होता, महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी. गफ्फारला तर आनंद झाला. पुरुषाचं तोंड! बायकोची मदत नको, पेरूची भीती नाही. त्यानं रामलालला ओट्यावर स्टुलावर बसवलं. रामलालनं नवा लाल फेटा बांधला होता, श्वास आत ओढला होता आणि डोळे जे विस्फारले ते चित्र संपेपर्यंत मिटलेच नाहीत.

रहमतबीनं चित्र पाहिलं. "हे कोन? गोदाम फोडून पळालेला?"

"असाच तं दिसते," गफ्फार म्हणाला. "म्या समोर बसून काढला."

"समोर बसून काय होते? बाईचं तोंड म्या सांगतलं होतं. बाप्याचं तिले सांगू द्या."

मग रामलालला बाहेर रस्त्यावर पिटाळलं आणि पडद्याच्या एका बाजूला गफ्फार पाटी घेऊन बसला, दुसऱ्या बाजूला लालीबाई.

"बोला बाई," गफ्फार पाटीत मान घालून म्हणाला. "डोये?"

"झोपेल. दोन हाका मारल्याबिगर उघडत नाही."

"हे बिडीवर कसं काढू?"

"थांब ना पेंटर भाऊ! घाई कायची? बैल पाह्यला का पुरे उघडते. बैल पाह्यलेले काढ."

"मिशी?"

"उजवी चांगली हाय. डावी खोटं बोलला का हालते."

"आता हालवू का थांबवू?"

"जराशी हालव. नाहीतं तो वाटत नाही."

"कपाळ?"

"फेट्यात झाकून टाक. त्यात काही नाही."

पडद्यामागं रहमतबीनं तोंडात पदर कोंबला होता.

"नाक?"

गफ्फारची पेन्सिल कागदावर टेकून वाट पाहत राहिली.

"नाक चांगलं हाय," ती म्हणाली. आवाज उतरला होता. "सरळ. कोपऱ्यावर जरासं वाकते, पण हासला तं. नाक पाहूनच तं मी हो म्हणलं होतं."

"हे मले कदी सांगतलं नाही!" रस्त्यावरून रामलाल ओरडला.

"तुले कोन इचारून राह्यलं? तिकडं तोंड करून उभा राहा!"

कार्ड छापून आलं ते बाजाराच्या दिवशी गफ्फारनं रामलालच्या हातात दिलं. पिवळ्या रंगावर लाल फेट्याचा एक माणूस. डोळे बैलांच्या भरल्या जोडीकडे पाहिल्यासारखे, मिशीचं एक टोक किंचित वर, आणि नाक असं की दोन दुकानं पलीकडूनही ओळखावं. रामलाल बराच वेळ पाहत राहिला. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच विचारलं, "पेंटर भाऊ, खरं सांग. इतका बरा दिसतो का मी?"

गफ्फार अडचणीत आला. खरं तर त्यानं रामलालला स्टुलावर तासभर पाहिलं होतं.

"मले काय माहीत बावा," तो म्हणाला. "मले सांगतलं तसं म्या काढलं."

लालीबाई बशीतल्या चहावर फुंकर घालत होती. चांदीची घुंगरं तिच्या गालांवर हलत होती आणि आरशांचे कवडसे छतावर. जैनबबी हवा खायला बाहेर आलीच होती.

"पाहून घे नीट," लालीबाई नवऱ्याला म्हणाली. "अन् उद्यापासून असा दिसत जाय."